दुधाला कुठं नाक असतंय?

सराव परीक्षेचे पेपर कसे तपासले जातात हे पालकांना माहीत नसतं, तेच बरं. कोरेगाव तालुक्यातल्या आम्ही काही शाळा मिळून दहावीची एकच इंग्रजी कृतिपत्रिका काढतो. सोबत उत्तरसूची येते. सूचीत असेल त्याला गुण, नसेल त्याला भोपळा. डोकं चालवायची मुभा लेखनाच्या प्रश्नांपुरती.

यंदा ‘चूक शोधून दुरुस्त करा’मध्ये वाक्य होतं, ‘द मिल्क स्मेल्स बॅड.’ सूचीतलं उत्तर : ‘बॅड’च्या जागी ‘बॅडली’. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी तेच लिहिलेलं. एका मुलीनं मात्र ‘नो एरर’ लिहून खाली ठसठशीत रेघ मारली होती. चूक शोधा म्हटल्यावर चूकच नाही असं लिहायला दहावीत छाती लागते.

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. घरी दूध संकलन केंद्र आहे, शाळेआधी ती वडिलांच्या हाताखाली असते. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, मशीन सांगतं, पण त्याआधी कॅनचं झाकण उघडलं की पहिला नंबर नाकाचा. आंबूस वास आला तर कॅन बाजूला, मशीनपर्यंत जायचंच नाही. म्हणाली, “सर, बॅडली म्हणजे दुधाला वास नीट घेता येत नाही, असं होईल ना? दुधाला कुठं नाक असतंय?”

हेच मी दरवर्षी फळ्यापुढे घसा फोडून सांगतो. स्मेल, लुक, टेस्ट, फील ही क्रियापदं दोन्ही घरचा पाहुणचार घेणारी. कधी खरोखर काहीतरी करतात, कधी कर्ता कसा आहे एवढंच सांगतात. त्यांच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ ठेवून बघायचं. ‘शी लुक्ड अँग्री’चं ‘शी वॉज अँग्री’ केलं तरी चालतं, म्हणून तिथे विशेषण. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द कंडक्टर’मध्ये बाईनं डोळे वटारलेत, ‘वॉज’ घातलं की वाक्य मोडतं, म्हणून तिथे क्रियाविशेषण. दूध बिचारं काहीच करत नाही, कॅनमध्ये नासून बसलंय. ‘बॅड’च बरोबर.

पेपर काढणाऱ्या सरांना फोन लावला. वयानं, नोकरीनं मोठे. “अहो, क्रियापदाला जोडून आलं की एलवाय, पोरांना तेवढंच कळतं. गाइडमध्येपण तसंच आहे. एका मार्कासाठी सगळ्या शाळांचे गठ्ठे परत सोडायचे का?”

गाइड! राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. दहा वर्षं शिकून झाल्यावरही शेवटचा निवाडा गाइडचाच. सरांचा नियम कुठून आला तेही कळतं म्हणा. आपल्याकडे ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’. विशेषणच क्रियेच्या कामाला जुंपतो आणि वर ते कर्त्याप्रमाणे बदलतोही. म्हणून पोरं ‘ही सिंग्ज गुड’ लिहितात. त्यावर उतारा म्हणून शिक्षक दिसेल तिथे एलवाय चिकटवायला लावतात, आणि ‘फास्टली’सारखी, इंग्रजीत नसलेली बाळं जन्माला येतात.

तिचा गुण मी दिला. ‘बॅडली’वाल्यांचे कापायचे का, यावर मात्र पेन अडलं. त्यांनी लिहिलं ते चूक, पण सूची त्यांच्या बाजूनं. ठेवले. बाकीच्या शाळांतही कुणी ‘नो एरर’ लिहिलं असेल. तिथे तपासणाऱ्यानं सूचीवरून मान वर केली असेल का, हे काही डोक्यातून जात नाही.

आणि गंमत पुढेच. तिच्याच पेपरात वडिलांवर परिच्छेद होता, त्यात ‘माय फादर वर्क्स हार्डली इन द डेअरी.’ म्हणजे बाप डेअरीत काम जवळपास करतच नाही! नाकानं साथ दिली तिथे पोरगी सगळ्यांच्या पुढे, आणि इथे तीही एलवायच्या रांगेत उभी. मग हिला व्याकरण येतं म्हणायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ दोन वेगळे कसे ते नीट समजावून दिलं. लाल खुणेकडे बघत म्हणते, “राहू द्या की सर. आईला विचारा, ती म्हणेल बरोबरच आहे.”