चिंचोक्याची खळ आणि साखरेवरचा डेक्स्ट्रान: बांधणीच्या गोंदाची प्रगती

पुस्तकबांधणीतील पांढऱ्या कृत्रिम गोंदाला शर्करांपासून पर्याय शोधण्याचे काम या हंगामात दोन वाटांनी पुढे सरकले आहे. पहिली वाट चिंचोक्याची. घोंगडीला ताठपणा आणण्यासाठी आणि सावंतवाडीच्या गंजिफांचे कापड तयार करण्यासाठी ही खळ पूर्वापार वापरात आहे. तिचा चिकटपणा झायलोग्लुकान या बहुशर्करेमुळे येतो. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत याच कुळातील शर्करा सेल्युलोजच्या तंतूंना बिलगून असतात, आणि कागद मुख्यतः सेल्युलोजचाच असल्यामुळे ही खळ त्याला चांगली धरते.

भाजून टरफले काढलेल्या चिंचोक्यांचे पीठ लिटरभर पाण्याला 20 ग्रॅम या प्रमाणात थंड पाण्यात कालवून नंतर अर्धा तास उकळले. थंड पाण्यात ते नुसते फुगते. विरघळण्यासाठी उकळी लागते. गरातील प्रथिने आणि तेल यांमुळे खळीला पिवळट छटा येते व ती लवकर आंबते, म्हणून मिश्रण रात्रभर निवळू देऊन वरचा भागच मंद आचेवर आटवला. एवढ्या एका पायरीने रंगात पडलेला फरक मला फार समाधान देऊन गेला.

दुसरी वाट ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस या जिवाणूची. इडलीच्या पिठात तो सापडतो, आणि तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की रसाला जी बुळबुळीत तार येते, तीही बहुतांशी त्याचीच करणी असते. शुद्ध वाण ओळखीच्या प्रयोगशाळेतून घेतला. त्याला सुक्रोज, म्हणजे नेहमीची साखरच द्यावी लागते, कारण त्याचे विकर (एन्झाइम) सुक्रोजच्या रेणूतील बंध तोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर ग्लुकोजची साखळी, म्हणजेच डेक्स्ट्रान, विणते. नुसत्या ग्लुकोजवर डेक्स्ट्रान बनत नाही. तापमान 25 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवले.

खरी अडचण इथेच आहे. सुक्रोजमधील फ्रुक्टोज मागे उरते, आणि ते हवेतील ओल ओढून घेत असल्यामुळे सांधा पावसाळ्यात चिकचिकीत राहतो. शिवाय आंबवणीत तयार होणारे लॅक्टिक आम्ल कागदाचे आयुष्य घटवते. यावर अल्कोहोलचा उपाय उत्तम आहे. ते मिसळताच डेक्स्ट्रान पांढऱ्या लगद्यासारखे खाली बसते आणि फ्रुक्टोज व आम्ल बव्हंशी द्रावणातच राहतात. हा लगदा पुन्हा पाण्यात विरघळवून घेतला.

चाचणीसाठी हातकागदाच्या पट्ट्या जोडून एक दिवस वाळवल्या आणि त्यांना वजने टांगली. कोरड्या हवेत दोन्ही गोंदांचे सांधे टिकले, कागदच फाटला. मग मिठाचे संपृक्त द्रावण ठेवलेल्या बंद डब्यात, म्हणजे सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेत, पट्ट्या ठेवल्या. तेथे अल्कोहोलने न धुतलेल्या डेक्स्ट्रानचे सांधे घसरले, धुतलेल्याचे बरेच सावरले, आणि चिंचोक्याची खळ सर्वांत घट्ट राहिली. डेक्स्ट्रानची जमेची बाजू अशी की ते कुंचल्याने सहज पसरते, तर खळीचा थर जाड बसतो. त्यामुळे माझे मत सध्या मिश्रणाकडे झुकते आहे: अंग खळीचे, प्रवाहीपणा डेक्स्ट्रानचा.

कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालण्याची जुनी पद्धत मात्र मी टाळतो, कारण ते विषारी आहे आणि तांबे सेल्युलोजच्या ऱ्हासाला वेग देते. त्याऐवजी लवंगेचे तेल थेंबभर घालून खळ ताजीच वापरतो. पुढच्या टप्प्यात मिश्रणाची तीन वेगवेगळी प्रमाणे घेऊन पुस्तकाच्या पाठीवर, जिथे सांधा सतत वाकतो, तिथे त्यांची परीक्षा घेणार आहे.