१५ किलोचा ब्लॉक

भिवंडीजवळ एका गोदामाच्या साइटवर मी ज्युनिअर इंजिनीअर होते, तेव्हाची जुलैतली गोष्ट. पहिल्या मजल्यावर ऑफिसच्या भिंती चढत होत्या, एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या विटांच्या. माल वर द्यायला टेलिहँडलर होता, म्हणजे लांब-आखूड होणारा हात (बूम) आणि त्याच्या टोकाला माल उचलायचे काटे असलेलं मशीन. तीन टनी, सात मीटर उंची गाठणारा. साइटवर त्यालाही सगळे जेसीबीच म्हणायचे.

हे ‘तीन टन’ बूम आत असतानाच खरे. पुढची चाकं म्हणजे टेकू. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला मशीनचं स्वतःचं वजन. बूम जितका बाहेर, तितका माल टेकूपासून लांब आणि मशीनची ताकद कमी. कुठे किती उचलायचं याचा तक्ता केबिनमध्येच चिकटवलेला असतो. आमच्याकडे प्लिंथला, म्हणजे इमारतीच्या जोत्याला, लागून गटारीचा चर खणलेला, त्यामुळे मशीन भिंतीशी नेता येत नव्हतं. बूम जवळजवळ पूर्ण काढावा लागणार होता, आणि तिथे तक्ता सांगत होता १२५० किलो.

मी हिशेब केला. ६०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचा ब्लॉक, साधारण १५ किलो. पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळीवर, ७२. झाले १०८०.

“मामा, आरामात बसतंय.”

ऑपरेटरमामांनी पॅलेट फूटभर उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. “मॅडम, आज माल जड लागतोय.”

“तोच माल आहे मामा, कालचाच.”

वर गवंडी खोळंबले होते, कंत्राटदाराचा माणूस दोनदा चक्कर मारून गेला होता. मामांनी काटे मागे कलवले आणि बूम वर घेतला.

मी मागच्या चाकापाशी उभी होते. बूम बाहेर जाऊ लागला तसा चिखलात दबलेला टायर हळूहळू गोल होत गेला. केबिनमध्ये भोंगा वाजला. जुनं मशीन, ते फक्त इशारा द्यायचं, बूम आपोआप थांबत नव्हता. मग चिखल सुटल्याचा ‘पचक’ असा आवाज झाला आणि चाकाखाली मला उजेड दिसला. चराच्या कडेला दोन पोरं उभी होती. त्यांना तिथून हटवणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

“खाली घ्या, खाली घ्या!” मी ओरडले.

मामांनी ऐकलं नाही, म्हणून वाचलो. बाहेर काढलेला बूम तसाच खाली आणला की माल आणखी पुढे जातो, आणि मशीन नाकावर पडतं. त्यांनी घाई न करता बूम आधी आत ओढला, वीतवीत. चाक टेकलं. मग पॅलेट खाली आलं.

स्टोअरच्या वजनकाट्यावर एक ब्लॉक ठेवला. २१ किलो. एएसी म्हणजे बारीक बारीक छिद्रांचा दगड, रात्रभराचा पाऊस पिऊन बसलेला. माझे १०८० किलो खरे तर १५०० च्या वर होते. ताडपत्री स्टोअरमध्ये घडी करून ठेवलेली, ढिगापासून दहा पावलांवर.

मामा एवढंच म्हणाले, “४८ भरा. मग देतो वर.”

संध्याकाळी ढग पुन्हा भरून आले तेव्हा ताडपत्री बांधायला मीच गेले. चराकडेची ती दोन पोरं न सांगता दोरी धरायला आली.