तुम्ही विचारलंत म्हणून: कोड तयार असताना रिलीज का अडतं?

"कोड झालाय, टेस्ट पास आहेत, मग नवी आवृत्ती सोडायला इतके दिवस कशाला?" क्लायंट विचारतो, टीममधली नवी मुलं विचारतात, हल्ली घरीही विचारतात. आळस नाही हो हा.

तुम्ही बघता तो रेपॉझिटरीतला, म्हणजे टीमच्या सामायिक साठ्यातला कोड. लोकांच्या हातात पडतं ते त्यातून बांधलेलं, इन्स्टॉल करायचं पॅकेज, आणि या दोन गोष्टी एक असतीलच असं नाही. म्हणून माझी रिलीज स्क्रिप्ट पायथन मॉड्यूलचं पॅकेज बांधते, ते कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे माझ्या मशीनवरचं काहीच नसलेल्या वेगळ्या कप्प्यात बसवते आणि टेस्ट तिथे चालवते.

आधीच्या नोकरीत एका शुक्रवारी संध्याकाळी नेमकी हीच पायरी लाल झाली. टेम्प्लेटचा अख्खा फोल्डर पॅकेजमध्ये आलाच नव्हता. रेपॉझिटरीत तो होता, त्यामुळे तिथल्या टेस्ट हिरव्यागार. मी म्हटलं, थांबूया. "क्लायंटला आज शब्द दिलाय, ती पायरी गाळ," वरिष्ठ म्हणाले. मी नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी स्वतः ती ओळ कॉमेंट करून बंद केली आणि पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर चढवलं. रात्रीच तक्रारी सुरू झाल्या. तिथे एकदा चढलेली फाईल काढून टाकली तरी त्याच नावाने परत चढवता येत नाही. क्लायंटला कळवलेला आकडा वाया गेला, नवा क्रमांक घ्यावा लागला. सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रश्न मलाच: "तुमची स्क्रिप्ट इतकी किचकट का?" तो प्रश्न अजून बोचतो.

खरं सांगायचं तर, एकेकाळी मीच म्हणायचे की रिलीज एका बटणावर व्हावं, माणसाचा हात लागला की चूक होते. मग मार्च २०२४मध्ये एक्सझेड युटिल्सचं, लिनक्सवर फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं, प्रकरण बाहेर आलं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधलं मागचं दार, म्हणजे लपवलेली चोरवाट, उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे रेपॉझिटरीत नव्हतीच, ती फक्त लोकांना दिलेल्या रिलीजच्या टारबॉलमध्ये (गठ्ठा फाइलीत) होती. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड नावाचे इंजिनिअर शोधत बसले म्हणून ते सापडलं.

तेव्हापासून पॅकेजमधल्या फाइली टॅगशी, म्हणजे रेपॉझिटरीत त्या आवृत्तीची खूण केलेल्या कोडशी ताडून मी स्वतः वाचते. ती बटणवाली मी अजून वाद घालते: डोळे थकतात, हेही स्क्रिप्टकडे दे. तिचं चूक नाही. पण त्या स्क्रिप्टवर नजर कुणी ठेवायची, हे तीही सांगत नाही. तोवर मी दिवस मागत राहणार.