वेलोसेट एलई: पाणी फिरायला लागलं

मंडळी, शेवटी माझ्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातलं पाणी फिरायला लागलं. घरापासून दीड मैल गेलं की गाडी उकळायची, हे मागच्या नोंदीत सांगितलं होतं. दुखणं सापडलं, निघालं, आणि परवाच्या रविवारी एका दमात बावीस मैल झाले. रेडिएटरच्या झाकणाशी वाफेचा मागमूस नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी 1960 ची वेलोसेट एलई, मार्क तीन म्हणजे तिसरी आवृत्ती. 192 सीसी, दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले दोन सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या शेजारी), पाण्याने गार होणारं इंजिन, आणि मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा. सांगाडा नळ्यांचा नाही, दाबून घडवलेल्या पत्र्याचा. पायांपुढे मोठे पत्रे आहेत, त्यामुळे ऑफिसच्या कपड्यांत बसलं तरी चिखल उडत नाही.

ही गाडी बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीनमध्ये यॉर्क रोडवरच्या कारखान्यात बनली, आणि मी राहतो तिथून तो रस्ता पायी जाण्याइतका जवळ आहे. वेलोसेट म्हटलं की लोकांना त्यांची वेगवान व्हेनम आठवते. 1961 साली फ्रान्समधल्या माँतलेरीच्या ट्रॅकवर 499 सीसीची व्हेनम सलग चोवीस तास ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीने पळाली. पण त्याच कारखान्याने 1948 साली लंडनच्या प्रदर्शनात 149 सीसीची ही शांत गाडी मांडली होती. पायाच्या गिअरला दरवेळी नेमकं एकच पाऊल पुढे-मागे सरकवणारी यंत्रणा ज्या कारखान्याने रुळवली, त्याच्याच पहिल्या एलईंना गिअर हाताने टाकायचे आणि इंजिनही हाताच्या दांड्याने चालू करायचं. कारण ही गाडी शर्यतवाल्यांसाठी नव्हतीच. ज्याने आयुष्यात कधी मोटारसायकल चालवली नाही अशा माणसासाठी ती होती. पत्रा दाबायच्या साच्यांवर कारखान्याने अफाट पैसा घातला, पण अपेक्षेइतका खप कधी झाला नाही. 1971 मध्ये कारखाना बंद पडला तेव्हा पुष्कळांनी एलईकडे बोट दाखवलं. मला मात्र त्या कारखान्याचं सगळ्यात धाडसी काम हेच वाटतं.

आता दुखण्याकडे.

या गाडीला पाण्याचा पंप नाही. इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरच्या डोक्यात जातं, तिथे गार होऊन जड होतं, खाली उतरतं आणि पुन्हा इंजिनात शिरतं. एवढाच सगळा कारभार. मध्ये कुठे जरा अडथळा आला, किंवा पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली, की फिरणं थांबतं. माझ्याकडे इंजिन चालू केल्यावर दहा मिनिटांत रेडिएटरचा वरचा भाग हाताला चटका द्यायचा आणि खालचा पाव तासानेही गारच असायचा. मी रेडिएटरवर संशय घेऊन तो दोनदा धुतला. काही फरक नाही.

कोल्हापूरला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवली. त्यांनी एलई कधी पाहिलेली नाही. फोन रेडिएटरवरून इंजिनापर्यंत हळूहळू फिरवून दाखवला, तर म्हणाले, "आरं, ही तर गिरणीच्या इंजिनावाणी हाय. शेजारी पाण्याची टाकी असायची, पंप कुठला? टाकीत काय बघतोस, ब्लॉकात बघ. गाळ तिथंच बसतोय."

हेड उघडलं. साइड व्हॉल्व्हचं हेड म्हणजे नुसतं झाकण, त्यामुळे काम सोपं, पण पान्यांचा प्रश्न असतोच. जुन्या विटवर्थ, म्हणजे ब्रिटिश इंची मापाच्या, पान्यावरचा आकडा जबड्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. शिवाय इथे बरेच आटे सायकलचे आहेत, इंचाला सव्वीस. मिलिमीटरचा पाना "जवळपास" बसतो म्हणून लावलात तर नटाचे कोपरे गेलेच समजा. अण्णांचा जुना विटवर्थ संच मी दोन वर्षांपूर्वी विमानाच्या सामानातून आणला होता, तोच वापरतो.

डाव्या सिलिंडरच्या पाण्याच्या वाटेत बोट घातलं तर आत दगडासारखं काहीतरी लागलं. गंज आणि त्यात मिसळलेली तपकिरी लुकण. कधीकाळी कुणीतरी गळती थांबवायची पूड ओतली असणार, तिने गळतीबरोबर वाटही बुजवली. ब्रेकची जुनी केबल घेतली, टोकाच्या तारा फुलवून झाडूसारख्या केल्या आणि हाताने फिरवत फिरवत आत सरकवली. सुरुवातीला खरवडल्याचा कोरडा आवाज. मग एका क्षणी हात अचानक सैल झाला आणि पाण्याबरोबर कॉफीच्या गाळासारखी काळी धार बाहेर आली. ती धार स्वच्छ होईपर्यंत अडीच तास गेले. उजव्या बाजूला निम्माही गाळ नव्हता. एका रबरी नळीचं आतलं अस्तरही सुटून लोंबत होतं, तीही बदलली. नवं पॅकिंग लावून बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले.

एक गोष्ट जाता जाता. इथे 2021 च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला आणि सीलना ते मानवत नाही. मी महागातलं, पाच टक्केवालं घालतो. एवढ्याशा टाकीला खर्च फार येत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता एका किकेत चालू झाली. ज्यांनी एलई ऐकली नसेल त्यांना हे सांगूनही पटणार नाही, पण शेजारच्या घराचं गेट उघडल्याचा कर्रकर्र आवाज मला चालू इंजिनावरून ऐकू आला. ब्रिटनमधल्या कितीतरी पोलीस दलांनी गस्तीसाठी ही गाडी का घेतली, ते तेव्हा नीट कळतं. वरिष्ठ दिसला की सलाम ठोकायला हँडल सोडावं लागे, म्हणून शिपायांना नुसती मान लववायची मुभा दिली, असं इथले जुने लोक अजून सांगतात.

ताशी चाळीस मैलांच्या पुढे मी नेली नाही. चढावर तिसरा गिअर टाकावा लागतो, आणि तो अगदी मऊ पडतो. टायर ओल्या पानांवरून जातानाचा आवाज, कुंपणातली पाखरं, हवेचा झोत, सगळं वेगवेगळं ऐकू येतं. मोठ्या सिंगल सिलिंडरच्या गाड्याही मी चालवल्या आहेत आणि त्यांचा धडधडाट मला प्रिय आहे, पण इतका वेळ रस्ता ऐकत गेलो असं कधी झालं नव्हतं.

येताना सेअरहोलच्या जुन्या पाणचक्कीपाशी थांबलो. इंजिन बंद करायच्या आधी हातमोजा काढून रेडिएटरला हात लावला. वर चांगलाच गरम. खाली कोमट! फोटो काढून अण्णांना पाठवला, तर त्यांचा उलटा प्रश्न: "पातळी बघितलीस का परत?" घरी येऊन गार झाल्यावर झाकण उघडून पाहिली. बोटाच्या पेराएवढीही उतरली नव्हती.

पुढचं काम दिव्याचं. वायरिंग सहा व्होल्टचं आहे आणि हेडलाइट काजव्यासारखा लागतो. संशय अर्थिंगवर आहे. जिथे जिथे रंगावर बोल्ट आवळलाय ती जागा खरवडून पाहतो आणि कळवतो. कुणाकडे मार्क तीनच्या हेडलाइटमागच्या वायरिंगचे स्पष्ट फोटो असतील तर नक्की दाखवा.