तुम्ही विचारलंत म्हणून: ग्राफीनची फिल्म खिडकीला लावावी का?

"समोरच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे. खिडकीला ती ग्राफीनची पारदर्शक फिल्म लावली तर रेडिएशन अडेल ना?" मी ईएमआयच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाच्या (एका यंत्राच्या लहरींनी दुसऱ्यात होणाऱ्या गडबडीच्या) चाचण्या करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. लग्नात येतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतो. दाताच्या डॉक्टरांनीही विचारलाय, तेही माझ्या तोंडात त्यांची हत्यारं असताना. "नका लावू" एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी टॉवरचं मिटवू. आपल्याकडे टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. तरी भीती वाटते, ठीक आहे. पण खिडकी झाकली तरी भिंती आणि दार आहेतच, लहरी तिथूनही येतात. आणि समजा बऱ्याचशा अडल्या, तर तुमच्या हातातल्या फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो. तो तर तुमच्या कानालाच लागलेला असतो! मी फिल्म विकत असते तरी हे सांगितलं असतं. बहुधा म्हणूनच विकत नाही.

मग या फिल्म बनवतात कशाला? माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी. यंत्राची धातूची पेटी लहरी छान अडवते, पण तिला डिस्प्ले बसवायला खिडकी पाडली की तिथून गळती सुरू होते. जुना उपाय म्हणजे जाळी. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात ती रोज दिसते: आतल्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, म्हणून लहर आत राहते आणि शिजणारा भात बाहेरून दिसतो. एमआरआयच्या खोलीच्या खिडकीतही काचांमध्ये तांब्याची जाळी असते. पण बारीक पिक्सेलच्या पडद्यावर जाळी ठेवली तर दोन्हींच्या रेघा एकमेकींत मिसळून लाटालाटांची नक्षी उमटते. इंडियम टिन ऑक्साइडचा सलग थर ती अडचण सोडवतो, फक्त तो ठिसूळ असतो, वाकवला की तडकतो.

इथे ग्राफीन येतं. कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर, २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून वेगळा केलेला. तो वाकतो, वीज वाहतो आणि अंगावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २.३ टक्के शोषतो. जाहिरात इथेच संपते. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

फिल्म किती अडवेल हे मुख्यतः एका आकड्यावर ठरतं: शीट रेझिस्टन्स. फिल्मचा कोणत्याही मापाचा चौरस कापा आणि समोरासमोरच्या दोन कडांमधला रोध मोजा. मोकळ्या जागेतून जाणाऱ्या लहरीचा स्वतःचा प्रतिबाध (इम्पीडन्स, रोधासारखंच माप) असतो ३७७ ओहम. त्याला फिल्मच्या रोधाच्या दुपटीने भागा, १ मिळवा, १०च्या पायाचा लॉग घ्या, २०ने गुणा. उत्तर डेसिबलमध्ये; आकडा जितका मोठा, तितकी अडवणूक जास्त. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ग्राफीनच्या एका थराचं मोजमाप प्रसिद्ध केलं, तेव्हा सरासरी २.२७ डेसिबल मिळाले, म्हणजे सुमारे ४० टक्के ऊर्जा अडली. सूत्रात सहाशे-साडेसहाशे ओहम घातले की हाच आकडा येतो, आणि तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेल्या एका थराचा रोध साधारण याच घरात असतो. एका अणूच्या जाडीला ही कामगिरी थक्क करणारी आहे. पेटीच्या खिडकीला मात्र ती कुठेच पुरत नाही, कारण तिथे किमान २० डेसिबल, म्हणजे ९९ टक्के अडवणूक, मागितली जाते.

थर वाढवू म्हणाल, तर प्रत्येक थर प्रकाश खातो. कोरियातच २०१० मध्ये ३० इंची फिल्म रोलवरून रोलवर उतरवून दाखवली होती. चार थर, ९० टक्के पारदर्शकता, सुमारे ३० ओहम. माझ्या हिशेबाने हे १७ डेसिबलच्या आसपास येतं. पण तो रोध नायट्रिक आम्लाचा संस्कार करून खाली आणलेला, आणि असा संस्कार कालांतराने उतरतो. म्हणूनच अलीकडे ग्राफीनची अतिबारीक धातूच्या जाळीशी जोडी लावतात. जुनी जाळी मागच्या दाराने परत आली, यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आता जे माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेलं असतं ते. फिल्मच्या चारही कडा पेटीच्या धातूला सलग जोडल्या गेल्या पाहिजेत, वाहक गॅस्केटने (फट बुजवणाऱ्या, वीज वाहणाऱ्या मऊ पट्टीने) किंवा तांब्याच्या पट्टीने. एका बाजूला सहा सेंटिमीटरची फट राहिली, तर २.४५ गिगाहर्ट्झला ती फट म्हणजे अँटेनाच. केसाएवढी अरुंद असली तरी. मग मधे ग्राफीन लावा नाहीतर सोनं. चाचणीत नापास होणाऱ्या पेट्यांत मी आधी कडाच बघते. लाकडी किंवा यूपीव्हीसीच्या चौकटीतल्या खिडकीला चिकटवलेली फिल्म जोडणार तरी कशाला?

ग्राफीनमध्ये मला खरा रस वाटतो तो अडवण्यात नाही, शोषण्यात. धातू लहर परतवतो आणि ती पेटीतच इकडेतिकडे आपटत राहते. १८८ ओहमची पातळ फिल्म मात्र निम्मी ऊर्जा शोषते, पाव परतवते, पाव जाऊ देते. एका सुट्या पातळ थराला याहून जास्त शोषणं शक्यच नाही. थरांमध्ये योग्य जाडीचं पारदर्शक अंतर ठेवलं की ही मर्यादा ओलांडता येते. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये ग्राफीन आणि क्वार्ट्झचे थर रचून १४० गिगाहर्ट्झच्या आसपास सुमारे ९० टक्के शोषण दाखवलं. या वारंवारतेला लहर दोनेक मिलिमीटरची होते, त्यामुळे लागणारं अंतरही मिलिमीटरच्या आत मावतं. गाड्यांचे रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथेही लहर चारेक मिलिमीटरचीच. अशा ठिकाणी, जिथे आरपार दिसायलाही हवं आणि परतलेली लहर मात्र नको, तिथे ही फिल्म कामाला येईल असं मला वाटतं.

तरीही कुणी घरी फिल्म विकायला आलंच, तर शीट रेझिस्टन्स किती आणि कडा कशाला जोडायच्या, एवढं विचारा.