‘डार्क ब्लू’: व्यासपीठावरच्या कबुलीने केलेला घात

रॉन शेल्टन यांचा ‘डार्क ब्लू’ परवा रात्री पुन्हा पाहिला आणि पहिल्या वेळी लागलेली चुटपुट तशीच पुन्हा लागली. इतका दमदार चित्रपट अखेरच्या काही मिनिटांत हातचा जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कथा लॉस एंजेलिसमधली, एप्रिल १९९२ची. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या चार पोलिसांच्या खटल्याचा निकाल तोंडावर आला आहे. कर्ट रसेलने साकारलेला सार्जंट पेरी वर्षानुवर्षे वरिष्ठांची घाण निस्तरत आला आहे आणि आता तेच काम तो कीओ या तरुण जोडीदाराला शिकवतो आहे.

सुरुवातीच्या चौकशीचा प्रसंग मला सर्वाधिक मोलाचा वाटतो. एका संशयितावर गोळी झाडली ती पेरीने, पण मंडळासमोर ती आपणच झाडल्याचे सांगतो कीओ. कोरा गणवेश, घशाला पडलेली कोरड आणि पढवून घेतलेला जबाब. खोटे बोलणारा, ते ऐकणारा आणि नोंदवून घेणारा, प्रत्येकजण आपापले काम चोख करतो आणि प्रकरणावर पांघरूण पडते. पोलीस दलातला भ्रष्टाचार नोटांच्या पुडक्यांपेक्षा अशा कागदांवर जगतो, हे इतक्या नेमकेपणाने मी फार थोड्या चित्रपटांत पाहिले आहे.

शेवटी मात्र हाच पेरी, बाहेर शहर पेटलेले असताना, बढतीच्या समारंभात माईकसमोर उभा राहतो आणि वरिष्ठांसह स्वतःचीही सारी पापे भर सभेत वाचून दाखवतो. रसेल हे भाषण जीव ओतून करतो, त्यामुळे दोष अभिनयाचा नाही. ज्या यंत्रणेत खरे बोलायला जागाच नाही, असे आपल्याला इतका वेळ पटवून दिले, तिनेच एका माणसाला शांतपणे सगळे बोलू द्यावे, हे मनाला पटत नाही.

प्रत्यक्षात काय घडले होते? २९ एप्रिलला पोलिसांच्या बाजूने निकाल लागून दंगल भडकली, त्या संध्याकाळी पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स ब्रेंटवुडमधल्या एका निधिसंकलनाच्या कार्यक्रमाला गेले होते आणि तो निधी पोलीस सुधारणांच्या प्रस्तावाला विरोध करण्यासाठी होता. पुढे याच शहराच्या पोलीस दलातल्या रॅम्पार्ट विभागाच्या भ्रष्टाचार प्रकरणात राफाएल पेरेझ या पोलिसाने सहकाऱ्यांची कृत्ये उघड केली, तीसुद्धा मुद्देमालातील कोकेन चोरल्याबद्दल स्वतः अडकल्यावर, शिक्षेत सवलत मिळवण्याच्या बोलीवर. तेव्हा सत्य बाहेर आले ते सौदा होऊन, आणि त्यानंतर शंभराहून अधिक जणांवरील दोषसिद्धी रद्द झाल्या. हे सारे चित्रपटाच्या आधीचे आहे, म्हणून ही चूक मला अधिक सलते.

खरे तर शेवट चित्रपटाच्या हाताशीच होता. दुसऱ्याच्या गोळीची जबाबदारी अंगावर घेतलेला कीओ अखेर मारला जातो. भाषणाऐवजी त्या चौकशीची फाइल उघडून दाखवली असती, तर गोळी झाडणारा म्हणून तिच्यात त्या मृत पोराचेच नाव दिसले असते.