पावसात लुती, चतुर्थीआधी घुमट आणि म्युझियममधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या

आमच्याकडे गोव्यात म्युझियम म्हणजे पाहुणे आले की त्यांना दाखवायची जागा. शाळेत असताना ओल्ड गोव्याला ट्रिप जाते, आर्किऑलॉजिकल म्युझियममध्ये व्हाइसरॉय लोकांच्या तसबिरींची रांग बघायची, दहाव्या तसबिरीनंतर सगळे दाढीवाले सारखेच दिसायला लागतात, मग बाहेर येऊन आइसफ्रूट खायचं आणि बसमध्ये बसायचं. त्यानंतर माणूस म्युझियममध्ये पाऊल टाकतो तो थेट पुण्या-मुंबईचे नातेवाईक आल्यावर. फोंड्यात राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी स्टेट म्युझियम पाहिलेलंच नाही, ते १९७७ पासून आहे, काही वर्षं पणजीत पाट्टो भागात होतं आणि नंतर जुन्या सचिवालयात म्हणजे आदिलशहाच्या वाड्यात हललं, यातलं काहीच कोणाच्या गावी नाही.

पण हल्ली मी वस्तू बघायला कमी आणि तिथले कार्यक्रम ऐकायला जास्त जातो. पिळर्णच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत सुबोध केरकरांनी २०१५ मध्ये म्युझियम ऑफ गोवा सुरू केलं, तिथे रविवारी सकाळी टॉक असतात, कधी इतिहास, कधी झाडं, कधी समुद्र, कधी कोणीतरी आपल्या आजोबांच्या पत्रांवर बोलतो. डॉक्टरकी सोडून चित्रकार झालेल्या माणसाची जागा, त्यामुळे विषयांना बंधन नाही हे एक बरं. बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोमिस यांचं गोवा चित्र आहे, ते तर पाडलेल्या जुन्या घरांची दारं, खिडक्या, खांब जमवून उभं केलंय, आणि आत नांगर, मापं, ऊस गाळायचा लाकडी घाणा. आपल्या आजोळी माळ्यावर धूळ खात पडलेली अर्धी अवजारं तिथे व्यवस्थित तेल लावून ठेवलेली बघितली की जरा लाजच वाटते.

माझं मत विचाराल तर म्युझियमचा कार्यक्रम ऋतू बघून ठेवला तरच रंगतो. १८ मे ला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो, १९७७ पासून जगभर साजरा होतो, पण आपल्याकडे त्या वेळी घाम नुसता निथळत असतो, अर्धं गाव लग्नांत आणि उरलेलं आंबे-काजू-फणसांत, तेव्हा कोण येणार व्याख्यानाला! याउलट जून-जुलैत पाऊस लागला, शेताची पहिली घाई सरली, किनाऱ्यावरची गर्दी गेली की माणसाला बसून ऐकायला वेळ असतो. त्या दिवसांत एका छोट्या म्युझियममध्ये रानभाज्यांवर टॉक होता. टेबलावर तायकिळो, किल्ल, तेरें, आकूर, आणि एका सुपात रानसुरणाच्या जातीची लुती मांडून ठेवलेली. बोलणारे बॉटनीचे प्राध्यापक होते, चांगले बोलत होते, स्लाइडवर शास्त्रीय नावं, लुती का खाजते तर तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात आणि आंबट घातलं की त्यांचा त्रास कमी होतो वगैरे. सगळे माना हलवत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वयस्क बाई मोठ्याने म्हणाल्या, "सोलां घालिनासतना केली जाल्यार खाजता मगो!" आणि पुढची वीस मिनिटं टॉक त्यांचाच झाला. लुती कोवळी कधी तोडायची, हात खाजू नयेत म्हणून खोबरेल लावायचं, सोलं म्हणजे आमसुलं नसतील तर आंबाडे, आंबाडे नसतील तर बिमलं, पण आंबट सुरुवातीलाच घालायचं, शेवटी घालून उपयोग नाही. प्राध्यापकांनी माइक त्यांच्या हातात दिला आणि स्वतः वहीत लिहून घेत राहिले, हा त्यांचा मोठेपणा, कारण सगळ्यांना ते जमत नाही.

एक तक्रार आहेच. बरेचसे टॉक इंग्लिशमध्ये होतात. बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक नेमाने येतात, पुढे बसतात, वहीपेन काढतात, प्रश्न विचारतात, त्यांचं कौतुकच आहे. पण पेडण्या-सत्तरीहून आलेला माणूस मागे गप्प बसतो, आणि विषय असतो त्याच्याच गावच्या जत्रेचा! एका ठिकाणी मी आयोजकांना हे बोललो तर म्हणाले, "मराठीत ठेवला तर लोक येत नाहीत." अहो, ठेवून तरी बघा. आणि व्हॉट्सॅपवर इंग्लिशमध्ये पोस्टर फिरवून सत्तरीतली माणसं येतील असं कसं वाटतं कोणाला काय माहीत.

चतुर्थीच्या आधीचे दोन आठवडे मात्र माझे सगळ्यात आवडते. घुमट या वाद्याचं वर्कशॉप होतं त्यात एका म्हाताऱ्या वाजवणाऱ्यांनी घुमट मांडीवर घेऊन सगळं उलगडून दाखवलं. मातीचं मडकं, दोन तोंडांचं, मोठ्या तोंडावर कातडं, धाकटं तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर, आणि डाव्या हाताचा तळवा त्या उघड्या तोंडावर झाकायचा-उघडायचा, तिथून तो घुमणारा खर्ज निघतो. मी जन्मभर आरत्यांत घुमट ऐकत आलो पण डावा हात एवढं काम करतो याच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं, सगळे बघतात उजव्या हाताकडे. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आली, मग बकऱ्याचं आलं, आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. बकऱ्याच्या कातड्याबद्दल त्या वाजवणाऱ्या आजोबांचं मत फारसं चांगलं नव्हतं. पावसात सादळतं, ढिलं पडतं, सारखं शेगडीवर धरून तापवावं लागतं, म्हणाले, पण काय करणार, घोरपडही जगली पाहिजे. बाजूला शामेळ नावाचं तालवाद्य वाजवणारा आणि झांजा घेतलेली दोन पोरं होती. शेवटी आरती सुरू झाली तेव्हा म्युझियमचा वॉचमनसुद्धा आत येऊन म्हणायला लागला. त्याला सगळी कडवी पाठ होती, आम्हाला दोनच.

माटोळीवरचा कार्यक्रमही त्याच सुमारास असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला मोसमातली फळं, भाज्या, रानातल्या वस्तू बांधतात ती माटोळी. नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, तोरिंगां हे बाजारात मिळतं, पण कांगण्यो, घागऱ्यो, हरणां आणण्यासाठी डोंगर चढावा लागतो. कवंडाळ तर टोमॅटोसारखं लालबुंद, पण विषारी, शोभेलाच टांगायचं. सत्तरीतल्या एका शेतकऱ्याने प्रत्येक वस्तू हातात धरून ती कुठे मिळते, ओली जागा की कातळ, हे सांगितलं, आणि मग सरळ म्हणाला की दहा वर्षांपूर्वी घराच्या मागे मिळायचं ते आता तासभर चालून मिळतं. कला आणि संस्कृती खात्याची माटोळी स्पर्धा असते, तिच्यामुळे लोक जास्तीत जास्त वस्तू जमवतात, आणि त्यावर हॉलमध्ये चांगलीच जुंपली. एक म्हणे स्पर्धेमुळे तरी पोरांना झाडांची ओळख राहते, दुसरा म्हणे स्पर्धेसाठी रान ओरबाडतात. मला दुसऱ्याचं जास्त पटलं, पण पहिल्याचं खोटं आहे असंही नाही म्हणता येत.

धालो या बायकांच्या लोकनृत्याचा अनुभव मात्र संमिश्र. पौषात रात्री मांडावर म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागेवर बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून, एकमेकींच्या कमरेत हात घालून वाकून-वाकून गातात, तो मांड सारवलेला असतो, तिथे चप्पल घालून कोणी जात नाही. तोच प्रकार दुपारी तीनला, टाइल्सवर, हॅलोजनखाली. बायका गायल्या छान, पण सगळ्यांच्या चपला कोपऱ्यात काढलेल्या आणि फोटोग्राफर बूट घालून त्यांच्यामधून फिरतोय, हे बघवलं नाही. कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं. असल्या गोष्टी हॉलमध्ये आणण्यापेक्षा म्युझियमने बस करून लोकांना रात्री गावात न्यावं, गावाची परवानगी घेऊन, कॅमेरे बंद ठेवून.

जायचं असेल तर आधी फोन करून विचारा, पावसाने कार्यक्रम पुढे ढकलतात आणि पोस्टर तसंच राहतं. संध्याकाळचा असेल तर परतीची कदंब बस बघून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, खुर्ची पुढच्या रांगेत धरा, प्रश्नोत्तरं सुरू झाली की त्यांना कोपराने जरा ढोसा. चहा असतो, सोबत बिस्किटं, पोटभर काही नसतं, म्हणून जेवूनच निघा.